हात पुरले तो हिवाळा

थंडी पडायला लागली की चेरीतालच्या आमच्या गल्लीत मटारचे ठेले येतात. ठेलेवाला भैया नुसतं 'मटर' म्हणतो आणि पुढे सरकतो, कारण या दिवसांत जबलपुरात मटारची वेगळी जाहिरात करावी लागत नाही. ज्याच्या घरी जावं त्याच्या अंगणात, ओट्यावर, गच्चीवर परात मांडलेली असते. पाहुण्याला आधी चहा विचारतात की आधी त्याच्या पुढ्यात शेंगा सरकवतात, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. लग्नं ठरतात, भांडणं मिटतात, कुणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली ते कळतं, आणि मधल्यामध्ये परात भरते.

मीही दुपारी गच्चीवर उन्हाला पाठ करून बसते. निवृत्त झाल्यापासून दुपार माझी झाली आहे. शेंग फुटताना एक हिरवा, ओलसर वास येतो. इतरांना त्या वासाने मटारची करंजी आठवत असेल, वाटलेल्या मटारचा रस्सा, निमोना, आठवत असेल. मला वॉर्ड आठवतो. मटारच्या वासामागे फिनाइलचा वास येतो, त्यामागे स्पिरिटचा, आणि मग उन्हात तापलेल्या लाल ब्लँकेटचा. मी उभी हयात नर्स होते. सर्जिकल, मेडिकल, बाळंतिणींचा वॉर्ड, सगळीकडे पाय झिजवले. तरी नोकरीतले सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं, तर मी एका हिवाळ्याचं नाव घेईन. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील त्याला.

आमचा बायकांचा मेडिकल वॉर्ड जुन्या इमारतीत तळमजल्याला होता. उंच छत, पूर्वेला ओळीने मोठ्या खिडक्या. हिवाळ्यात सकाळचं ऊन पहिल्या पलंगावर यायचं आणि हळूहळू सरकत जेवणाच्या वेळेपर्यंत शेवटच्या पलंगाशी पोचायचं. ज्या बाईवर ऊन असे ती डोळे मिटून पडे, आणि शेजारची तिच्याकडे रांगेत उभं असल्यासारखी बघत राही.

चाळीसेक पलंग आणि एका पाळीला एक सिस्टर, क्वचित दोन, हा आमचा नेहमीचा हिशेब. बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ कळत नाही. त्याला वाटतं, सिस्टरला काम जास्त पडत असेल, थकत असेल बिचारी. थकत होतोच, पण थकवा झोपेने जातो. खरी गोष्ट वेगळी आहे. हात कमी असले की काम करता येत नाही, उरकावं लागतं. इंजेक्शन उरकायचं, सलाइन उरकायचं, ताप बघणं उरकायचं. आणि उरकताना माणूस पेशंटचा दंड बघतो, तोंड बघत नाही. पाळी संपवून घरी आले की मला कितीतरी दंड आठवायचे, शिरा आठवायच्या. चेहरे आठवायचे नाहीत.

त्या वर्षी आवारात पलीकडे नवी इमारत उभी राहिली होती. तिच्यासाठी नव्या मुलींची भरती झाली, त्या रुजूही झाल्या, पण इमारतीतल्या ऑक्सिजनच्या नळ्यांचं काम अडलं. मग वरून तोंडी निरोप आला की तोवर या मुलींना जुन्या वॉर्डांत वाटून टाका. तोवर. दिवाळी नुकतीच झाली होती. सरकारी कामातलं 'तोवर' किती लांबतं हे आम्हाला ठाऊक होतं, आणि या एका वेळी ते लांबावं असं आम्ही मनातून म्हणत होतो.

आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या सिस्टर कुजूर. जशपूरकडच्या कुठल्याशा गावच्या. अंगाने काटकुळ्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, हिवाळाभर तोच मरून स्वेटर. आवाज कधी चढवायच्या नाहीत. नव्या मुली आल्या त्या सकाळी आम्हा जुन्यांना वाटलं, चला, आता जरा पाठ टेकायला मिळेल. सिस्टर कुजूरांनी सगळ्यांना वॉर्डात उभं केलं आणि प्रत्येकीला पलंग वाटून दिले. मला खिडकीकडचे सहा-सात दिले आणि म्हणाल्या, "ये तुम्हारे हैं. इनका सब कुछ तुम्हारा. दवा भी, खाना भी, रोना भी."

सुरुवातीला आमच्या हातांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पाळी अर्धी सरायची आणि हातातली कामं संपलेली असायची. मी उगाच ट्रे पुसत उभी राहायची. मग हळूहळू सुचायला लागलं. कुणाचे केस महिना-महिना विंचरलेले नव्हते. व्हरांड्यात उन्हात खुर्ची टाकून, कोमट पाण्याने आम्ही एकेकीचे केस धुवायला लागलो. तेल लावून वेण्या घातल्या. नखं कापली. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांना वेळच्या वेळी कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली. आणि हात असे चालू असले की बायका बोलतात. पाठमोऱ्या बसलेल्या बाईला तुमचं तोंड दिसत नाही, म्हणून ती जास्तच बोलते. एकीने मला वेणी घालता घालता सांगितलं की पांढऱ्या गोळीने चक्कर येते, म्हणून ती गोळी ती उशीच्या खोळीत ठेवते. मी खोळ झटकली तर आठवड्याच्या गोळ्या खाली सांडल्या. तिचं ब्लडप्रेशर का उतरत नाही म्हणून डॉक्टर रोज गोळी वाढवत होते. ती वाढवलेली गोळीही खोळीत जात होती.

नव्या मुलींमध्ये एक प्रीती होती, खमरियाची. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, घर फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. सकाळी स्कूटीवरून यायची तेव्हा नाकाचा शेंडा लाल झालेला असायचा आणि हेल्मेटखाली वडिलांची कानटोपी. घरी मराठी होतं, पण तिला ते समजायचं जास्त, बोलता यायचं कमी. माझ्याशी बोलताना अर्ध्यात मराठी सोडून हिंदीत शिरायची आणि मग आठवण आल्यासारखी परत यायची. इतर मुलींसारखीच मला दीदी म्हणायची.

तिच्या वाट्याला आलेल्या पलंगांपैकी एकावर जानकी अम्मा होती. पाटनकडच्या खेड्यातली, घरची मटारची शेती. छातीत कफ होऊन न्यूमोनियाने आली होती आणि बरी होत चालली होती. सून दर दोन दिवसांनी शेतातून शेंगांची थैली आणायची. अम्माला रिकामं पडवत नसे. सिस्टर कुजूरांनी एक अट घातली होती, की टरफलं चादरीवर दिसता कामा नयेत. मग अम्मा पाठीशी उशा लावून, मांडीवर स्टीलचं ताट घेऊन शेंगा सोलायची. जेवणानंतर प्रीती तिच्याजवळ स्टूल घेऊन बसायची, नाडी बघायची, आणि मग स्वतःही चार शेंगा हातात घ्यायची. की अम्मा सुरू.

"ऐसे नईं, बिटिया. नाखून मत मारो, दाना कट जात है. अँगूठे से दबाओ."

प्रीती मुद्दाम चुकीचं सोलायची असा मला संशय आहे. अम्माचं रागावणं सगळ्या वॉर्डाला ऐकू जायचं, आणि सगळा वॉर्ड हसायचा.

संक्रांतीला मी घरून तिळाचे लाडू करून नेले. सगळ्या पलंगांवर वाटले, ज्यांना साखर बंद होती त्यांना नुसते तीळ दिले. सिस्टर कुजूरांना मी वाक्य शिकवलं. त्या एकेका पलंगाशी थांबून, चष्मा सावरत, अडखळत म्हणायच्या, "तिलगुल घ्या, गोड बोला." मराठी कुणालाच येत नव्हतं, मला आणि प्रीतीला सोडून. तरी बायका हात पुढे करायच्या.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचं जेवण झालं होतं, ऊन शेवटच्या पलंगांवरून उतरत होतं. प्रीती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "दीदी, अम्मा आज रागावून नाही राहिली."

"मग बरंच आहे की."

"नाही ना. मी पूरी शेंग नखाने फाडली तिच्यासमोर. तिने देखा आणि बस, काही बोललीच नाही."

मी तिच्याबरोबर गेले. अम्मा बसलेलीच होती. ताट मांडीवर होतं, हातात एक शेंग होती, आणि ती शेंग तशीच होती. मी विचारलं, तर म्हणाली, ठीक हूँ. ताप नव्हता. सकाळच्या नोंदीत सगळं ठीक होतं. उरकायचं असतं तर एवढ्यावर भागलं असतं. पण प्रीतीने घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट तिचा श्वास मोजला. मी पावलांना हात लावला. ब्लँकेटच्या आत असूनही ती गार होती. सकाळपासून लघवीला उठली का, हे प्रीतीला विचारावं लागलं नाही, तिलाच माहीत होतं. "एकदाच गेली, दीदी. थोडीशीच."

ब्लडप्रेशर बघितलं तर बरंच खाली आलेलं. सिस्टर कुजूर आल्या, त्यांनी अम्माच्या कपाळावर हात ठेवला, आणि डॉक्टरांना निरोप न पाठवता स्वतः ओपीडीत जाऊन त्यांना घेऊन आल्या. तरुण डॉक्टर होते, चालता चालताच त्यांनी सगळं ऐकलं आणि आल्याबरोबर कामाला लागले. जंतू रक्तात पसरायला लागले होते. ऑक्सिजन, दोन्ही हातांना सलाइन, नवं अँटिबायोटिक. प्रीती संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही, आणि तिला हलावं लागलं नाही, कारण तिचे बाकीचे पलंग मी बघत होते आणि माझ्या मदतीला आणखी एकजण होती.

अम्माचं ब्लडप्रेशर सावरायला लागलं तेव्हा डॉक्टर हात पुसत म्हणाले, "रात तक रुकते तो हाथ से निकल जाती." मग प्रीतीला विचारलं, "तुमको कैसे समझा?"

प्रीती घाबरून म्हणाली, "सर, अम्मा रोज़ डाँटती हैं. आज नहीं डाँटा."

ते हसले नाहीत. मान हलवली आणि म्हणाले, "अच्छा पकड़ा."

अम्मा सात-आठ दिवसांनी घरी गेली. जीपमध्ये चढताना शाल नीट गुंडाळून दिली नाही म्हणून प्रीतीला ऐकवून गेली.

आता मागे वळून बघताना मला वाटतं, त्या हिवाळ्यात खरं म्हणजे काय घडलं? अम्माची गोष्ट सांगता येते, कारण तिथे काहीतरी व्हायला आलं होतं. बाकीच्याची गोष्टच होत नाही. कुणी पलंगावरून पडलं नाही. कुणाच्या पाठीला जखम झाली नाही. कुणाचं सलाइन संपून नळीत रक्त चढलं नाही. एकीचं औषध दुसरीला गेलं नाही. संकट आलं नाही याची बातमी होत नाही आणि त्याबद्दल कुणी हारही घालत नाही. रुग्णालयातली सुरक्षितता ही अशी असते. ती दिसत नाही. एक बाई उठायला गेली आणि तिच्या कोपराखाली वेळेवर कुणाचा तरी हात आला, एवढीच ती असते. आणि हात यायला तो आधी तिथे असावा लागतो.

महाशिवरात्रीच्या सुमारास ऑक्सिजनच्या नळ्यांचं काम झालं. नव्या इमारतीला झेंडूच्या माळा लागल्या, फीत कापली गेली, आणि मुली आपापले स्वेटर आणि डबे घेऊन अंगण ओलांडून तिकडे गेल्या. आम्हाला वाईट वाटलं ते बोलण्यासारखं नव्हतं. नव्या इमारतीतही पेशंटच येणार होते, त्यांनाही सिस्टर लागणारच होत्या. आमच्या वॉर्डात नव्यांपैकी फक्त प्रीती राहिली. पलंग वाटून घेणं बंद झालं. सगळे पलंग पुन्हा सगळ्यांचे झाले, म्हणजे कुणाचेच राहिले नाहीत. केस धुण्याची खुर्ची व्हरांड्यात तशीच पडून होती. मग कुणीतरी तिच्यावर रिकामे खोके ठेवले.

उन्हाळा लागला. एका दुपारी मी पाळी संपवून प्रीतीच्या ताब्यात वॉर्ड देऊन निघाले. ती एकटीच होती. सात नंबरच्या मुलीला रक्त लावायचं होतं. रक्त सुरू केलं की पहिली काही मिनिटं सिस्टरने पलंगाजवळून हलायचं नसतं. थंडी वाजते का, अंगावर गांधी उठतात का, श्वास लागतो का, हे बघत उभं राहायचं असतं. मला नंतर कळलं, प्रीती तशीच उभी होती. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला सिहोऱ्याकडची एक बाई होती. तिने दोनदा हाक मारली. प्रीतीने तिथूनच सांगितलं, अम्मा, रुको, अभी आती हूँ. ती थांबली नाही. बाथरूमकडे निघाली, ओल्या फरशीवर घसरली, आणि तिच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं.

चौकशी बसली. सकाळची पाळी माझी होती म्हणून मलाही बोलावलं होतं. मोठ्या टेबलामागे साहेब लोक, पंखा पूर्ण वेगात, आणि भिंतीला लागून मी, प्रीती आणि सिस्टर कुजूर, अशा आम्ही तिघी उभ्या. प्रीतीचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले होते.

एका साहेबांनी विचारलं, "मरीज़ गिरी, तब ड्यूटी सिस्टर कहाँ थी?"

"सर, सात नंबर के पास. खून शुरू किया ही था."

"तो किसी और को बोल देतीं."

सिस्टर कुजूर नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "किसको बोलती, सर?"

त्या पुढे म्हणाल्या, "खून छोड़कर इधर भागती और उधर उस लड़की को कुछ हो जाता, तो आज आप इसी से दूसरा सवाल पूछते. आप पूछ रहे हैं सिस्टर कहाँ थी. वो वहीं थी जहाँ उसको होना था. मैं पूछती हूँ बाकी सिस्टर कहाँ थीं. सर्दियों में यही वार्ड था, यही फर्श. एक भी मरीज़ नहीं गिरी."

साहेब म्हणाले, हा चौकशीचा विषय नाही. सिस्टर कुजूर म्हणाल्या, मेरा तो यही विषय है. आणि चष्मा लावून, बोलणं संपलं अशा उभ्या राहिल्या.

प्रीतीवर कारवाई झाली नाही. दुपारच्या पाळीला आम्हाला आणखी एक सिस्टर मिळाली, तीही पावसाळ्यापर्यंत. सिहोऱ्याच्या बाईचं ऑपरेशन झालं आणि ती वॉकर धरून घरी गेली. शेतात परत जाऊ शकली की नाही, मला कळलं नाही. ते अजून मधूनच मनात येतं. आणि काही दिवसांतच सिस्टर कुजूरांची बदली कपड्यांच्या भांडारात झाली. कारण काय, तर प्रशासकीय. चादरी, पडदे, उशांच्या खोळी. इतक्या वर्षांची ती वॉर्डातली बाई गठ्ठ्यांच्या मध्ये स्टुलावर बसलेली बघून मला भरून आलं. मी काही बोलणार तर त्याच म्हणाल्या, "अच्छा है यहाँ. कोई गिरे तो हड्डी नहीं टूटती, चादर है." निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. आता गावी असतात. नाताळात आमचं फोनवर बोलणं होतं. तब्येत विचारली की त्या विषय बदलतात आणि प्रीतीचं विचारतात.

प्रीती आता शहरातल्याच एका रुग्णालयात वॉर्डाची इन्चार्ज आहे. केसांत पांढरं दिसायला लागलं आहे, आणि मराठी आश्चर्य वाटावं इतकं सुधारलं आहे. सासर नागपूरचं मिळालं म्हणून असेल. गेल्या रविवारी दुपारी ती आली. गच्चीवर माझ्यासमोर बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग सहज सांगावं तसं म्हणाली, "दीदी, परवा मी नाही म्हटलं."

"कोणाला? काहून?"

"वरून फोन आला. कुठलं तरी शिबिर होतं, तर म्हणे तुमच्याकडच्या दोन सिस्टर आहेत, त्यातली एक इकडे पाठवा, दिवसभरासाठी. वॉर्ड फुल आहे माझा. दोघी आहेत म्हणून कसं तरी चालून राहिलं. मी म्हटलं, सर, एक नेली तर मी दुपारपासून नवा पेशंट घेणार नाही. पलंग रिकामे ठेवीन. एक पोरगी एवढ्या बायकांना सांभाळू नाही शकत, आणि काही झालं तर तुम्ही तिलाच विचारणार."

"मग?"

"मग खूप बोलले. समजत नाही का म्हणे, कोणाशी बोलून राहिले तुम्ही. मी ऐकून घेतलं. अच्छा सर, म्हटलं, पण सिस्टर नाही देणार."

"नेली का मग?"

"नाही नेली. फोन आपटला, पण नेली नाही."

खमरियाच्या त्या मुलीचा चौकशीच्या खोलीतला चेहरा मला आठवत होता, आणि समोरच्या बाईचा चेहरा त्याच्याशी जुळत नव्हता. मला भीतीही वाटली. म्हटलं, "बदली करतील तुझी."

"करतील बहुतेक. कपड्यांचं भांडार आमच्याकडेही आहे." ती हसली, पण तेवढ्यापुरतीच. मग म्हणाली, "घरी सांगितलं नाही अजून."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मी विचारलं, "आणि ती पोरगी? जिला पाठवायचं होतं ती? काय म्हणाली?"

"तिला काय माहीत, दीदी. मी फोन ठेवून बाहेर आले, तर ती एका आजीच्या पलंगाला टेकून उभी. आजी नातीच्या लग्नाचं सांगून राहिली होती आणि ही ऐकून राहिली होती. चांगली निवांत."

"मग रागावलीस तिला?"

"नाही," प्रीती म्हणाली. "मीपण उभी राहून ऐकलं थोडं. मुलगा सतन्याकडचा आहे म्हणे."